हात सुटे पक्के, जोडीने कच्चे: पियानो शिकणाऱ्या एका प्रौढ विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवशिक्यांच्या बाबतीत ही अडचण इतक्या वेळा दिसते की ती 'सरावाने जाईल' म्हणून सोडून दिली जाते. ती नेमक्या कुठल्या सरावाने जाते आणि कुठल्या सरावाने उलट घट्ट होते, ते या प्रकरणात बऱ्यापैकी स्पष्ट दिसलं.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी चाळिशी ओलांडलेल्या, पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या. लहानपणी संगीत शिकलेल्या नव्हत्या, पण इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर काही वर्षं हौसेने वाजवत होत्या. कीबोर्डवरची पद्धत नेहमीचीच: उजव्या हाताने गाण्याची चाल, डाव्या हाताने एखादा कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे दोन-तीन स्वर) दाबून ठेवायचा आणि ठेका, बेस वगैरे यंत्राने भरायचं. त्यामुळे उजवा हात चांगला तयार होता. डाव्या हाताला मात्र 'दाब आणि थांब' एवढंच काम माहीत होतं. नंतरच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे आहे.

पियानोकडे वळल्यावर त्यांनी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, स्वतःच शिकून घेतलं. ट्रेबल क्लेफ (उजव्या हाताची, उंच स्वरांची ओळ) सहज वाचता येत होता, बेस क्लेफ (डाव्या हाताची, खालच्या स्वरांची) मोजत मोजत. मग त्यांनी एक ठरावीक रचना मनावर घेतली: जी मेजर या स्वरमालेतला तो प्रसिद्ध छोटा मिन्युएट (एका जुन्या युरोपीय नाचाची चाल). ही रचना संगीतकार योहान सेबास्टियन बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ सालच्या वहीत सापडते आणि त्यामुळे बराच काळ बाखच्याच नावावर खपत होती. प्रत्यक्षात ती क्रिस्टियान पेत्झोल्ड या ऑर्गनवादकाची. एकूण ३२ बार (नोटेशनमध्ये उभ्या रेघांनी पाडलेले छोटे भाग), प्रत्येक बारमध्ये तीन मात्रा. नवशिक्यांना ती सर्रास दिली जाते आणि कागदावर खरोखरच सोपी दिसते.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी पद्धतशीर तयारी केली होती. पहिल्या १६ बारचा आधी उजवा हात पाठ केला, मग डावा. दोन्ही हात वेगवेगळे मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपास न चुकता वाजवता येईपर्यंत घोटले. त्यानंतर एकत्र वाजवायला बसल्या, आणि पहिल्याच बारमध्ये अडल्या.

अडचण

पहिल्या भेटीत त्यांनी आधी उजवा हात वाजवून दाखवला. स्वच्छ, ठेक्यात. डावाही तसाच. मग दोन्ही एकत्र: पहिल्या बारच्या शेवटी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा थांबल्या. दोन-तीन बार पुढे सरकल्या की परत सुरुवातीपासून. दर वेळी सुरुवातीपासून सुरू केल्यामुळे पहिला बार शेकडो वेळा वाजला असणार आणि सोळावा क्वचितच.

त्यांचं स्वतःचं निदान तयार होतं. "माझा डावा हातच मंद आहे," असं त्या म्हणाल्या, आणि पाठोपाठ, "आता या वयात व्हायचं नाही बहुतेक." पहिलं विधान चुकीचं होतं हे पाच मिनिटांपूर्वीच ऐकू आलं होतं: एकटा डावा हात छान चालत होता. दुसऱ्या विधानावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण त्यांचा एक प्रश्न फार चांगला होता: "मी कॉम्प्युटरवर दोन्ही हातांनी भराभर टाइप करते. मग इथेच काय होतं?"

उत्तर असं की टायपिंगमध्ये दहा बोटं असली तरी अक्षरांची रांग एकच असते. एक अक्षर उजवीकडून, पुढचं डावीकडून, पण एकामागून एक. दोन हातांनी एकाच क्षणी दोन वेगळ्या गोष्टी, त्याही वेगवेगळ्या लांबीच्या, करायची वेळ तिथे जवळपास येतच नाही. पियानोवर ती दर सेकंदाला येते.

नेमकं कुठे आणि का बिघडत होतं

मी त्यांना पहिले १६ बार तीन-चार वेळा वाजवायला सांगितले, थांबल्या तर तिथूनच पुढे जायचं या अटीवर. मध्ये काही न बोलता मी नोटेशनच्या प्रतीवर फक्त अडखळण्याच्या जागी पेन्सिलने खुणा केल्या. अडखळणं सगळीकडे पसरलेलं असेल असा त्यांचा समज होता. खुणा मात्र ठरावीक जागी साचल्या: पहिल्या बारची तिसरी मात्रा, सातवा आणि आठवा बार, नववा-दहावा, आणि सर्वात जास्त बाराव्यात. दुसऱ्यापासून सहाव्या बारपर्यंत जवळजवळ काहीच नाही.

असं का, ते नोटेशन उघडलं की कळतं. दुसऱ्या ते सहाव्या बारमध्ये डावा हात प्रत्येक बारला एकच स्वर वाजवतो आणि तीन मात्रा धरून ठेवतो. म्हणजे कीबोर्डवरची त्यांची जुनी सवयच: दाब आणि थांब. जिथे जिथे डाव्या हाताला याहून वेगळं काम आहे, तिथे खूण.

त्यातही बिघाड एकाच प्रकारचा नव्हता.

पहिल्या बारमध्ये (ए, बी, सी, डी वगैरे ही पाश्चात्त्य स्वरांची नावं) उजवा हात पहिल्या मात्रेवर डी वाजवून जी-ए-बी-सी असे अर्ध्या मात्रेचे चार स्वर चढत जातो. डाव्यात जी-बी-डी हा दोन मात्रांचा कॉर्ड आणि तिसऱ्या मात्रेवर एकटा ए. म्हणजे उजव्याची धाव चालू असताना मधेच, त्याच्या बी या स्वराबरोबर, डाव्याला यायचं असतं. वेगळा सराव करताना डावा हात हा ए 'कॉर्डनंतर थोडं थांबून' असा वाजवत होता. तो उजव्याच्या कुठल्या स्वराबरोबर पडतो ही माहिती त्यांच्याकडे नव्हतीच. दोन्ही हात पाठ होते, पण त्यांची गाठ कुठे पडते ते पाठ नव्हतं.

आठव्या आणि बाराव्या बारमध्ये भूमिका उलटतात. आठव्यात उजवा हात ए धरून थांबतो आणि डावा डी-सी-बी-ए असा अर्ध्या मात्रांनी धावतो. बाराव्यात उजव्याला संथ, एकेका मात्रेचे तीन जी आहेत आणि डाव्यात बी-नंतर सी-बी-ए-जी अशी धाव. इथे गंमत अशी व्हायची की उजवा हातही धावायला लागायचा: तीन जी-ऐवजी पाच. त्यांना ते ऐकूही येत नव्हतं. मी रेकॉर्डिंग लावून दाखवलं तेव्हा त्या हसल्या, पण पुढच्या खेपेला तेच झालं.

हे इच्छाशक्तीचं दुबळेपण नव्हे. दोन्ही हातांना एकच गोष्ट एकाच वेळी करण्याची ओढ असते आणि वेग वाढला की ती बळावते. स्कॉट केल्सो या संशोधकाने १९८४ साली यावर केलेला प्रयोग कुणालाही टेबलावर करून पाहता येतो. दोन्ही तर्जन्या पुढे करा आणि मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारख्या एकाच दिशेने डावी-उजवीकडे हलवा. हळू जमतं. आता वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर बोटं आपोआप आरशातल्यासारखी, एकदम आत-एकदम बाहेर, हलू लागतात. विद्यार्थिनीला हे करायला लावलं. 'वय झालं' ही तक्रार त्यानंतर बरीच कमी झाली, कारण माझीही बोटं तशीच घसरली.

तिसरा बिघाड मला सर्वात रंजक वाटतो. नवव्या बारपासून उजव्या हाताची चाल पुन्हा पहिल्या बारपासूनचीच येते, सहा बार तंतोतंत. डावा हात मात्र बदललेला असतो. दुसऱ्या बारमध्ये डाव्याला एक लांब बी आहे, तर त्याच चालीखाली दहाव्यात जी-बी-जी असे तीन स्वर आहेत. उजवा हात इतका घोटलेला होता की ती चाल सुरू झाली की डावा आधीच्याच वाटेला जायचा. सुटा सराव जितका जास्त, तितकी ही ओढ जास्त.

या तिन्हींना जोडणारी गोष्ट एकच. दोन्ही हातांचं वाजवणं म्हणजे डाव्यात उजवा मिळवणं नव्हे. ते तिसरंच काम आहे आणि त्याचा सराव त्यांनी केलेलाच नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय त्यांचाच होता: हात आणखी पक्के करायचे, १२० पर्यंत न्यायचे, मग जोडायचे. पुष्कळ ठिकाणी हाच सल्ला मिळतो आणि त्यात थोडं तथ्य आहे. बोटांचे क्रमांक ठरवणं, डाव्या हाताचा बेस क्लेफ वाचणं, यासाठी सुटा सराव हवाच. पण ते काम झालेलं होतं. यापुढे वेग वाढवला असता तर दहाव्या बारमधली घसरण वाढली असती, म्हणून हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय ही रचना काही काळ सोडून देण्याचा. शिक्षक म्हणून माझा कल इकडेच होता. नवशिक्यांसाठीचे क्रमवार संग्रह याच तत्त्वावर बांधलेले असतात. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकने १९२६ ते १९३९ दरम्यान लिहिलेल्या 'मिक्रोकॉस्मॉस'मध्ये १५३ तुकडे सहा खंडांत आहेत, आणि त्यातल्या पहिल्या सहा तुकड्यांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात. हातांची स्वतंत्र चाल नंतर, थोडी थोडी येते. पायरी चुकवून मिन्युएटवर उडी मारली होती हे उघड होतं.

पण ही विद्यार्थिनी मिन्युएटसाठीच आली होती. दिवसभराच्या कामानंतर पियानोपाशी बसायला लावणारं तेवढंच कारण होतं. ते काढून घेतलं तर पुढच्या महिन्यात त्या येतीलच अशी मला खात्री वाटत नव्हती. हा निर्णय संगीताचा कमी आणि माणसाचा जास्त होता.

तिसरा पर्याय स्केलचा, म्हणजे स्वर क्रमाने चढत-उतरत वाजवण्याचा. दोन्ही हातांनी सी मेजर वाजवा, हात आपोआप जुळतील, असं म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. दोन्ही अंगठे मधल्या सी-वर ठेवून विरुद्ध दिशांना गेलं तर दोन्ही हातांची बोटं जोडीने तीच पडतात आणि ते पहिल्याच दिवशी जमतं. एकाच दिशेने गेलं की अंगठे वेगवेगळ्या वेळी वळतात. उजव्याचा अंगठा एफ-वर येतो, तर डाव्याचं तिसरं बोट ए-वर अंगठ्यावरून ओलांडून जातं. एका सप्तकात ई आणि ए या दोनच स्वरांवर दोन्ही हातांची तिसरी बोटं एकत्र येतात. व्यायाम चांगला आहे, पण दोन्ही हातांचे स्वर त्यात सारख्याच लांबीचे असतात आणि इथली अडचण नेमकी लांबीची होती. त्यामुळे आम्ही तो हात गरम करण्यापुरता ठेवला.

चौथा पर्याय: मिन्युएटच, पण अगदी छोट्या तुकड्यांत, पहिल्या क्षणापासून दोन्ही हातांनी, आणि सध्याच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शाने. हा निवडला. एक अट घातली. फक्त पहिले १६ बार घ्यायचे, पुढच्या भागाला हात लावायचा नाही.

काय केलं

पहिले काही दिवस पट्ट्या वाजवल्याच नाहीत. पियानोचं झाकण बंद करून त्यावर दोन्ही हातांनी ताल आपटायचा आणि तोंडाने बोल म्हणायचे. बोल तीनच: 'दोघं', 'उजवा', 'डावा'. पहिल्या बारचे बोल असे झाले: दोघं, उजवा-उजवा, दोघं-उजवा. बाराव्याचे: दोघं, दोघं-डावा, दोघं-डावा. आठव्याचे: दोघं, डावा-डावा, डावा-डावा. दहावा सर्वात सोपा निघाला: दोघं, दोघं, दोघं. एवढा सोपा बार इतके दिवस का छळत होता हे त्यांना तेव्हा कळलं. तिथे अडचण हातांची नव्हतीच, जुन्या पाठांतराची होती.

बोल तोंडाने म्हणण्याचा आग्रह मी धरला, कारण त्यामुळे दोन हातांच्या दोन ओळी एका ओळीत येतात. मन एका वेळी दोन ओळी सांभाळायला फारसं राजी नसतं. एकच गुंफलेली ओळ मात्र सांभाळतं. त्यांना मोठ्याने बोलायचा संकोच वाटत होता. मनातल्या मनात म्हटलं की बाराव्या बारमधला उजवा हात पुन्हा धावायचा, मोठ्याने म्हटलं की थांबायचा. दोन्ही करून पाहिल्यावर संकोच गेला.

मग पट्ट्यांवर. तुकडा एका बारचा, अधिक पुढच्या बारचा पहिला स्वर. हा जास्तीचा स्वर महत्त्वाचा, कारण अडखळणं बहुधा बारच्या आत नसतं, उंबरठ्यावर असतं. सुरुवात बारा-तेरापासून केली, म्हणजे सर्वात अवघड जागेपासून. पहिला बार सगळ्यात शेवटी. तो आधीच गरजेपेक्षा जास्त वाजून झाला होता.

इथे पहिला मोठा निर्णय आला: मेट्रोनोम लावायचा की नाही. त्यांना लावायचा होता, कारण सुटा सराव त्यावरच झाला होता. आम्ही सुरुवातीला तो बंद ठेवला. ठोका थांबत नाही. पुढचा क्षण 'दोघं' की 'डावा' हे ठरवायला वेळ लागणाऱ्या माणसाला तो घाईने चुकीचं उत्तर द्यायला भाग पाडतो. चूक वाजली की हात तीही शिकतात. म्हणून नियम असा ठेवला की पुढची पट्टी दाबण्याआधी ती माहीत असली पाहिजे. मध्ये कितीही वेळ गेला तरी चालेल. ऐकायला हे भयंकर लागतं. मिन्युएट म्हणून ओळखूही येत नाही. पण एकाही चुकीच्या स्वराशिवाय बारावा बार वाजला तो याच पद्धतीने.

तुकडा असा तीन वेळा सलग बरोबर आला की मेट्रोनोम. लोलकाच्या जुन्या मेट्रोनोमवर सर्वात कमी आकडा ४० असतो, आणि तोही जास्त होत होता. त्यामुळे ठोका मात्रेला न धरता अर्ध्या मात्रेला धरला. ६० वर ठेवलं की मात्रेचा वेग ३० होतो. शिवाय 'उजवा' आणि 'डावा' या सुट्या बोलांनाही स्वतःचा ठोका मिळतो, त्यामुळे ते अंदाजाने टाकावे लागत नाहीत.

नवव्या ते चौदाव्या बारसाठी वेगळा उपाय लागला. तिथे उजव्या हाताला आम्ही मुका केला. उजवी बोटं पट्ट्यांना फक्त स्पर्श करतील, दाबणार नाहीत, आणि डावा आवाजासकट वाजवेल. दोन्ही हात हलतात, पण ऐकू फक्त डावा येतो. कानावर डाव्याची नवी चाल बसली की उजव्याचा आवाज सोडायचा. नोटेशनवर दुसरा आणि दहावा बार शेजारी-शेजारी लिहून डाव्या हाताचा फरक रंगीत पेन्सिलने दाखवला. ही शेवटची युक्ती त्यांचीच, आणि माझ्या मते मुक्या हातापेक्षा तिचाच उपयोग जास्त झाला.

नजरेचाही प्रश्न होता. त्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघत होत्या आणि मध्ये नोटेशनमधली जागा हरवत होत्या. पहिल्या बारमध्ये उजव्या हाताला बघायची गरजच नाही: जी-वर अंगठा, डी-वर करंगळी, पाच बोटं पाच पट्ट्यांवर. नजर द्यायची तर डाव्याला, तीही जिथे तो जागा बदलतो तिथेच. अशा जागी नोटेशनवर छोटा बाण काढला, बाकी ठिकाणी नजर कागदावर.

दुसरा निर्णय काही आठवड्यांनी आला. तुकडे एकेकटे ५० च्या वेगाने बरे जात होते, पण जोडले की ढासळत होते. वेग वाढवायचा की जोडायचं? त्यांना वेग हवा होता, प्रगती आकड्यात दिसते म्हणून. मी जोडण्याच्या बाजूने होतो. शेवटी दोन-दोन बारचे तुकडे केले आणि वेग पुन्हा ४० च्याही खाली आणला. तो आठवडा वाईट गेला. आपण मागे चाललो आहोत असं त्यांना वाटत राहिलं आणि दोन दिवस त्या पियानोपाशी बसल्याच नाहीत. त्यानंतर मात्र चार बारचे तुकडे फारसा त्रास न होता जमले.

सरावाच्या वेळेबद्दल थोडंच: सुट्टीच्या दिवशी दीड तास बसण्याऐवजी रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं, आणि एका बैठकीत दोन-तीन वेगवेगळे तुकडे आलटून पालटून. एकच तुकडा वीस वेळा वाजवला की विसावी खेप सुंदर येते, पण दुसऱ्या दिवशीची पहिली खेप जवळपास आधीच्या दिवशीसारखीच. खरा हिशोब या पहिल्या खेपेवरून धरायचा असं ठरवलं होतं.

परिणाम

साधारण अडीच महिन्यांनी पहिले १६ बार ७० च्या आसपास, न थांबता वाजू लागले. सुटे हात १०० ला जात होते हे लक्षात घेतलं तर आकडा लहान आहे. त्या वेगाला मिन्युएट नाचाचा वाटत नाही, पण ओळखू नक्की येतो. बारावा बार, जो सर्वात वाईट होता, तो सर्वात पक्का झाला. आठवा अजून कच्चा आहे: उजव्या हाताचा लांब ए त्या तिसऱ्या मात्रेआधीच सोडून देतात, विशेषतः कुणी ऐकत असेल तेव्हा.

आवाजाचा तोल राहिला. डावा हात अजून उजव्याइतकाच जोरात वाजतो आणि चालीला झाकून टाकतो. दोन हातांनी दोन वेगळ्या वजनांनी दाबणं हे पुन्हा त्याच जातीचं काम आहे, आणि तेही एकत्र वाजवूनच शिकावं लागतं. ते आम्ही मुद्दाम पुढे ढकललं.

अनपेक्षित फायदा दुसऱ्या भागात दिसला. १७ ते ३२ बार त्यांनी आधी पाठ केलेले नव्हते, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून बोलांनी आणि दोन्ही हातांनी घेतले. ते पहिल्या भागापेक्षा बरेच कमी दिवसांत उभे राहिले. त्यात अनुभवाचा वाटा आहेच. तरीही जुनी चाल मोडायचं काम तिथे करावं लागलं नाही हे कारण मला जास्त पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

रचना न सोडण्याचा निर्णय मी आज पुन्हा घेईन, पण याच विद्यार्थिनीसाठी. इतकी ठाम ओढ नसलेल्या माणसाला मी दोन महिने सोपे तुकडे देईन: आधी दोन्ही हात एकच चाल वाजवणारे, मग डाव्याला लांब स्वर असलेले, मग भूमिका उलटलेले. मिन्युएटच्या १६ बारमध्ये या सगळ्या पायऱ्या एकमेकींवर कोसळतात.

मिन्युएटच ठेवायचा तर मधली एक पायरी टाकता आली असती. डाव्या हाताचे सगळे स्वर न घेता आधी फक्त प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेचा स्वर घ्यायचा. सोळाही बारमध्ये डावा हात मग 'दाब आणि थांब' एवढंच करतो, जे त्यांना येत होतं, आणि रचना पहिल्याच आठवड्यात दोन्ही हातांनी अखंड ऐकू येते. नंतर एकेका बारमध्ये राहिलेले स्वर भरायचे. हा मार्ग तेव्हा विचारात आला होता. अर्धवट डावा हात पाठ होऊन बसेल या भीतीने तो घेतला नाही. आता वाटतं, ती भीती आठव्या आणि बाराव्या बारपुरतीच खरी होती. त्यांना वगळून बाकीच्या ठिकाणी हे करता आलं असतं, आणि तो वाईट आठवडा कदाचित टळला असता.

रेकॉर्डिंग आम्ही फक्त अडचण दाखवायला वापरलं. दर आठवड्याला एक खेप नोंदवून ठेवली असती, तर वेग कमी केलेल्या दिवसांत 'मागे चाललो' या भावनेला उत्तर हाताशी असतं.

सुट्या हातांचा सराव किती, हा प्रश्न उरतोच. सध्या मी नव्या विद्यार्थ्यांना असं सांगतो: एक हात नोटेशन बघून, बोटं बरोबर टाकत, हळू पण न अडता वाजला की त्याच बैठकीत दुसरा घ्या आणि त्याच बैठकीत दोन्ही जोडून पाहा, भले दोनच मात्रा. पाठ होईपर्यंत थांबू नका. या विद्यार्थिनी सध्या नवी रचना याच पद्धतीने करताहेत. तिच्यात डाव्या हातात कॉर्ड फोडून एकेक स्वर सलग वाजवायचा आहे, म्हणजे 'दाब आणि थांब' कुठेच नाही. पहिले चार बार झालेत, मेट्रोनोम अजून बंद आहे.